बीसीजी, ट्रिपल आणि गोवर

पांढुर्ण्यात खोली शोधत होते तेव्हा पहिल्या तीन घरांत मला आधी आडनाव विचारलं. चौथ्या घरी घरमालकीण बाईंनी वजन विचारलं.

तीन घरांच्या अनुभवानंतर मी ठरवलं होतं की आपणच आधी सांगून टाकायचं. म्हणून म्हटलं, “आडनाव सांगू का?”

“त्याचं काय करू मी? काट्यावर उभी राह्य.”

व्हरांड्यात दवाखान्यात असतो तसा लोखंडी वजनकाटा होता. मी चपला काढून उभी राहिले. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून पाहिलं. “अडतीस! पोट्टी हायेस का काडी? कोणत्या गावची?”

मी सौंसरकडच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मनात काहीतरी शोधलं आणि मान हलवली. “तुले मी नाई काढलं. म्हणूनच अशी राहिली.” आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

अशी मी त्यांच्या घरी राहायला आले आणि बी.एस्सी. पूर्ण होईपर्यंत राहिले. मी काही लिहिणारी नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कागद पुढे घेतला की अजूनही वाटतं, कुणीतरी येऊन विचारेल, तुला कोणी सांगितलं लिहायला? पण बाईंबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नीट जमेल का, माहीत नाही.

बाई सरकारी नर्स होत्या. आता निवृत्त झालेल्या. सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यातल्या किती गावांत त्यांनी बाळंतपणं केली याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. त्यामुळे त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे माझी परीक्षाच असायची. त्या कुणालाही नावानं ओळखत नसत, जन्मावरून ओळखत. कापसाचा एक मोठा व्यापारी, पांढरा शर्ट, बोटात दोन अंगठ्या, चारचौघांत उभा. बाई त्याच्याकडे बोट दाखवून मला मोठ्यानं म्हणाल्या, “याले पायाकडून ओढला मी. पायाळू. म्हणून अजून उलटाच चालते.” तो माणूस खाली वाकून त्यांच्या पाया पडला. भाजीवालीला म्हणाल्या, “तुह्या पोराची नाळ पडली का?” ती हसून म्हणाली, “बाई, पोरगं दहावीले हाय आता.” बाई म्हणाल्या, “मंग पडली असंल.”

गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी मात्र त्या बोलत नसत. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. बाई सकाळपासून व्हरांड्यात पट्ट्या कापत बसायच्या. “दोन्ही काठांची डोकी मीच बाहेर काढली,” एवढंच एकदा म्हणाल्या. “किती जपून काढली होती!”

त्या मला ‘पोट्टी’ म्हणायच्या, मी त्यांना ‘बाई’. दर महिन्याच्या एक तारखेला मला काट्यावर उभं राहावं लागे. वजन वाढलं नसेल तर त्या दिवशी त्या समोर बसून मला भाकरी खायला लावत, आणि मी खात असताना एकटक माझ्याकडे बघत. मला घास गिळवत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. पहाटे पाचला बाईंनी माझं दार वाजवलं. “ऊठ व! डिलिवरी हाय.”

मी घाबरून उठले. निवृत्त झाल्या तरी अडल्यानडल्याला त्यांना बोलावणं यायचं, हे मी ऐकलं होतं. मी धावतपळत थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, टॉर्च घेतला, एक धुतलेली चादर घेतली. बाई पुढे चालत होत्या. साधी पांढरी साडी, पायात पोरांचे असतात तसे खेळायचे बूट. नदीवरचा पूल ओलांडला, सावरगावही मागे पडलं, आणि आम्ही त्यांच्या शेतात आलो. दीड एकर कापूस. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक बाभूळ. बाभळीपासून पन्नासेक पावलांवर मचाण. बाई मचाणावर चढल्या. त्या वेळी त्या सत्तरीला टेकल्या होत्या. मीही थर्मास सांभाळत मागून चढले.

“पेशंट कुठं आहे?” मी विचारलं.

त्यांनी बाभळीच्या शेंड्याकडे बोट केलं.

काड्यांचं एक घरटं होतं, पसरट, गबाळं. त्यात कापशी घार बसली होती. आमच्याकडे तिला नुसतं कापशी म्हणतात. कबुतराहून थोडी मोठी, पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, आणि डोळे लालभडक. शेतावर एकाच जागी पंख हलवत हवेत उभी राहते ती. ती घरट्यात जरा उठली, खाली वाकली, आणि तिच्या पोटाखाली काहीतरी हललं. बोटाएवढं. मग बाईंनी माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की तो दिवसभर दुखत होता.

“झालं!” त्या म्हणाल्या. “नॉर्मल.”

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक जुनं, कोरं जच्चा-बच्चा कार्ड काढलं. गरोदर बाईला देतात ते. आणि अगदी गंभीरपणे भरलं. आईचं नाव: कापशी. बापाचा धंदा: उंदीर. प्रसूती: घरी. मी हसले, तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग मी नाही हसले.

दोन-चार दिवसांच्या अंतरानं आणखी दोन पिल्लं निघाली. बाईंनी त्यांची नावं लसींच्या क्रमानं ठेवली. पहिलं बीसीजी, दुसरं ट्रिपल आणि सगळ्यात शेवटचं, सगळ्यात बारीक, ते गोवर. “गोवरची लस शेवटी असते न,” त्या म्हणाल्या, जणू यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच.

सकाळची ड्यूटी माझी, संध्याकाळची त्यांची. कॉलेजच्या आधी दीड तास मी मचाणावर बसू लागले. सुरुवातीला खरं सांगायचं तर नाइलाजानं. पण मग काय झालं कोण जाणे, मला पहाटे आपोआप जाग येऊ लागली. बाप उंदीर घेऊन यायचा, आई तो घ्यायची, बारीक तुकडे करून एकेकाच्या तोंडात द्यायची. मी श्वास रोखून बघायचे. वर्गात सर शिकवत असताना माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं असायचं, ‘७.१०, उंदीर, ट्रिपलला जास्त.’ आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अवं, तू तिथं शिकून रायली का घारी राखून रायली?”

पिल्लं महिन्याभरात केवढी झाली! मग एका रविवारी बीसीजी घरट्याच्या कडेवर आलं, पंख फडफडवले, आणि वाऱ्याच्या एका झोतात उडालंच. सरळ नाही, वेडंवाकडं. शेजारच्या संत्र्याच्या बागेकडे भरकटलं, वळलं आणि विजेच्या तारेवर कसंबसं टेकलं, पुढे झुकलं, मागे झुकलं. बाई मचाणावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या, “बीसीजी उडालं! उडालं व माय!” मचाण गदगद हललं. मीही ओरडत होते. खाली रस्त्यानं एक माणूस सायकलवरून चालला होता, तो उतरला आणि ‘काय झालं’ म्हणून विचारू लागला. आम्ही दोघी त्याला एकाच वेळी सांगत होतो, त्याला काही कळलं नाही.

दोन दिवसांनी ट्रिपल उडालं. पाचव्या दिवशी गोवर. मला वाटलं, संपलं. मला रडू येणार होतं.

बाई म्हणाल्या, “डिस्चार्ज झाला, पोट्टी. फॉलो-अप तं हाय का नाई?”

आणि खरी गंमत तिथून पुढे होती. उडालेली पिल्लं जात नाहीत. ती दिवसभर इकडेतिकडे धडपडतात आणि जेवायला पुन्हा घरट्यावर येतात. बाप दिसला की तिघंही किंचाळत सुटतात. बीसीजी तर धीट झालं होतं. ते बापाला हवेतच गाठायचं, उलटं व्हायचं आणि पंजातून पंजात उंदीर घ्यायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ट्रिपल वाळलेल्या पानावर झडप घालून त्यालाच उंदीर समजायचं. गोवरला मात्र नीट टेकता यायचं नाही. ते फांदीवर उतरायला जायचं आणि फांदीच्या पलीकडे जाऊन पडायचं.

दिवाळीची सुट्टी लागली होती, पण मी गावी गेले नव्हते. कारण सांगायची लाज वाटते. कारण गोवर होतं.

शनिवारी बाई जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाल्या. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, तीही दोनदा. “पाह्यजो. लिहिजो. हात लावजो नको.”

त्या दिवशी शेतात कापसाची वेचणी होती. सावरगावच्या सहा बाया आल्या होत्या. मी मचाणावर वही घेऊन बसले आणि खाली त्या कंबरेला ओटी बांधून, वाकून कापूस वेचत होत्या. माझी आई त्याच दिवशी, त्याच वेळी कुणाच्या तरी शेतात तशीच वाकलेली असणार. मला वर बसवेना. मी उतरले, ओढणीची ओटी बांधली आणि एक ओळ धरली.

“कॉलेजवाली, हात विसरली नाई का?” एकीनं चिडवलं.

विसरले नव्हते. वेचणाऱ्याचा हात विसरत नाही. बोंडातून कापूस ओढायचा, पानकचरा लागू द्यायचा नाही, आणि खाली पडलेलं बोंडूक सोडायचं नाही. खाली पांढरं दिसलं की हात आपोआप जातो. लहानपणापासूनची सवय. अर्धी ओळ झाली असेल. झाडांच्या बुडाशी मला कचरा लागलेल्या कापसाचा मोठा गोळा दिसला. मी नीट न बघता हात घातला आणि तो गोळा गरम होता.

ते गोवर होतं. जमिनीवर, पंख अर्धवट सोडून, गप्प बसलेलं. पिवळट डोळ्यांनी माझ्याकडे बघत.

बाया गोळा झाल्या. “पडलं व माय ते!”

“कावळे खातीन त्याले.”

“कावळे कायले, तो पाह्य कुत्रा.” धुऱ्यावर खरंच एक कुत्रा उभा होता.

“उचल न, पाहून काय रायली?”

बाईंचं सांगणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण माझा हात आधीच त्याच्या अंगाखाली गेला होता. मी त्याला ओटीत घेतलं, कापसावर ठेवलं, वरून ओढणी धरली आणि थेट घराकडे चालत सुटले. त्याची नखं ओढणीतून माझ्या तळहाताला लागली, रक्त आलं. मला त्याचं बरंच वाटलं. म्हणजे जिवंत आहे.

घरी येऊन मी काय काय केलं ते सांगवत नाही. दुधात भिजवलेली पोळी पुढे ठेवली. त्यानं तोंड फिरवलं. वाटीत पाणी ठेवलं. बाईंना फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंद. टोपलीत गोवर एका कोपऱ्यात सरकून बसलं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि मनात म्हणत राहिले, मरू नको, मरू नको.

बाई साडेतीनच्या बसनं आल्या. हातात प्रसादाची पुडी. मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपली पाहिली. मला वाटलं, आता ओरडतील. त्या खाली बसल्या, हात धुऊन आल्या, पुन्हा बसल्या. गोवरला एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्याच्या गळ्याखाली चाचपलं. गरोदर बाईचं पोट बघतात तसं, डोळे मिटून.

“इकडं आण बोट.”

मी बोट लावलं. गळ्याखाली एक टणक, फुगीर गोळा होता.

“हे पडलं नाई, पोट्टी. हे जेवून बसलं होतं. बापानं खाली येऊन चारलं याले, पोट भरलं, आन् आराम करून रायलं होतं.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “दिवस बुडाच्या आत पोचलं पाह्यजे. रात ते एकटं काढणार नाई, आन् सकाळी बाप त्याले पाहीन का नाई, मले सांगता येत नाई.”

कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला त्यांनी हाक मारली. तो म्हणाला, चहा पिऊन येतो. बाई म्हणाल्या, “तुह्या टायमाले मी बैलगाडीनं आली होती, पावसात. तुनं थांबू देल्लं होतं का मले?” तो चहा टाकून उठला. पुलावरून ऑटो असा उडाला की गोवरपेक्षा मीच जास्त घाबरले. जिथवर रस्ता होता तिथवर ऑटो, मग पायवाट. बाई माझ्या पुढे चालत होत्या.

शेतात बाया नव्हत्या, वेचणी उरकून गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, “जिथून उचललं तिथंच ठेव. आजूबाजूले नाई, तिथंच. बाप जागा पाहून येते.”

दीड एकर शेत. सगळी झाडं सारखी. मी धुऱ्यावरून एकेक ओळ बघत गेले. मग मला दिसलं. सगळ्या ओळी शेवटापर्यंत रिकाम्या झाल्या होत्या आणि एकच ओळ अर्ध्यावर पांढरी राहिली होती. माझी. एकीची ओळ दुसरी वेचत नाही. जिथं हिरवं संपून पांढरं सुरू होत होतं, तिथं मी गुडघ्यावर बसले आणि ओढणी उघडली. गोवर बाहेर आलं, दोन पावलं चाललं आणि तसंच बसलं.

आम्ही मचाणावर गेलो. ऊन तिरपं झालं होतं. बीसीजी आणि ट्रिपल घरट्यावर भांडत होती. बाप कुठं दिसत नव्हता.

“बाई, चुकलं माझं,” मी म्हटलं.

“हळू बोल.” मग बाभळीकडे बघतच त्या कुजबुजल्या. “मी नवीन नोकरीवर आली तवा अशीच एका शेतातून जाऊन रायली होती. धुऱ्यावर लेकरू. चिंधीत गुंडाळलेलं, एकटं. मले वाटलं, टाकून देल्लं कोणी. मी शहरातून आलेली न. उचललं आन् दोन कोस चालत सेंटरले आणलं. आंघोळ घातली. दूध पाजलं. रिपोर्ट लिहिला.”

“मग?”

“मंग त्याची माय आली. धावत. ओटीतला कापूस तसाच, सांडत सांडत आलेला. मले शिव्याही नाई देल्या. म्हणे, बाई, मी पलीकडच्या ओळीतच होती न.” बाईंनी नाक पुसलं. “मी त्या बाईचं तोंड अजून पाह्यतो.”

मी ओढणीला चिकटलेला कापूस काढत बसले.

तेवढ्यात बाप आला. पंजात उंदीर. पण तो सरळ घरट्यावर गेला, बीसीजीनं उंदीर हिसकला, आणि बाप उडून तारेवर बसला. सूर्य संत्र्याच्या झाडांना टेकला. गोवर खाली गप्प. बाई दातओठ खात पुटपुटत होत्या, “ओरड न रे! ओरडल्याबिगर कोण येते?”

बाप पुन्हा गेला. मी मिनिटं मोजत होते. आई संत्र्याच्या बागेवर एक चक्कर मारून गेली. गोवर हललं नाही. मग दूरवर, लाल झालेल्या आभाळात, एका जागी थरथरणारा पांढरा ठिपका दिसला. तो पडल्यासारखा खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या पायाखाली काहीतरी लोंबत होतं. तो आमच्या डोक्यावरून आला, आणि खालून, कापसातून, एक बारीक चिरकी किंकाळी आली.

“ओरडलं!” बाईंनी माझं मनगट धरलं.

बाप अर्ध्या पांढऱ्या ओळीवर येऊन हवेत उभा राहिला. पंख हलत होते, तो जागचा हलत नव्हता. गोवर उडी मारून उठलं आणि झाडांवर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. बाप खाली आला नाही. उलट थोडा वर गेला, बाभळीकडे सरकला, आणि थांबला. गोवर किंचाळत तिसऱ्यांदा उठलं. या वेळी पडलं नाही. बोंडांना पोट घासत, वेडंवाकडं, पण वर, आणखी वर, आणि बाभळीच्या खालच्या फांदीवर जाऊन टेकलं. पुढे झुकलं. मी ओढणी तोंडात कोंबली. मागे झुकलं, आणि टिकलं. बाप उतरला, क्षणभर लाल डोळे त्या पिल्लावर रोखले, आणि उंदीर त्याच्या पंजात दिला.

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाईंनी मला ओरडू दिलं.

गोवरनं दोन्ही पंख पसरून उंदीर झाकला, भावंडांना दिसू नये म्हणून, आणि मान खाली घातली. मला अजून बघायचं होतं. पण बाई शिडीवरून खाली उतरू लागल्या.

“चाल.”

“बाई, थोडं थांबू ना.”

“जेवणाऱ्याकडं टक लावून पाहू नये,” त्या म्हणाल्या आणि घरट्याकडे पाठ करून धुऱ्यानं चालू लागल्या. मी त्यांच्या मागे निघाले, पण उलटी. ठेचा लागत होत्या, कापसाची झाडं पायात येत होती, आणि अंधारात ती फांदी दिसेनाशी होईपर्यंत मी तशीच उलटी चालत राहिले.